रोजच्या चालण्यासाठी बूट कसा पारखावा?



आपल्या वयाच्या माणसाला डॉक्टर हमखास सांगतात, "रोज चालत जा." पण पायात काय घालून चालायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. मग घरात जे असेल ते आपण घालतो. कोणी कफकफीम फटफटवत निघतो, कोणी मुलाने टाकून दिलेले बूट घालतो, तर कोणी सिनेगॉगला जायचे चामडी बूटच बागेतही वापरतो.

यंदा सुक्कोथ झाल्यावर मी आणि माझे मिस्टर आयर्लंडला लेकीकडे गेलो आणि जानेवारीत अश्दोदला परतलो. तेथे रोज फिरणे झाले, आणि त्या निमित्ताने पळण्याच्या बुटांचे दोन जोड वापरून, उलटेपालटे करून तपासता आले. मिस्टरांचे वय ७९. मधुमेहाला २२ वर्षे झाली. गेली काही वर्षे त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे. तेव्हा ही तपासणी काही हौसेची नव्हती. ते घरात बसले तर साखर वाढणार, आणि चालताना पडले तर खुबा मोडणार, असे दुहेरी संकट होते. आपल्यातल्या अनेक घरांत हीच परिस्थिती आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

धावणाऱ्यांचा देश

लेक राहते ते गाव डब्लिनला लागूनच समुद्रकाठी आहे. नावाचे स्पेलिंग लांबलचक, पण उच्चार साधा, डन लिअरी. तेथील बंदराचे बांधकाम १८१७ साली सुरू झाले. जवळच्या डॉकी गावच्या खाणीतला ग्रॅनाइट दगड वापरून समुद्रात दोन मोठे धक्के बांधले आहेत. त्यांपैकी पूर्वेचा धक्का साधारण १.३ किलोमीटर लांब आहे. जाऊन येऊन २.६ किलोमीटर होतात. टोकाला दीपस्तंभ आहे. लहान मुले, कुत्री, काठी टेकणारे आजोबा, सगळा गाव तिथे फिरायला येतो. आम्हीही रोज तिथेच जात असू.

आयर्लंडमध्ये कोणत्याही खेळाच्या बुटांना सरसकट 'रनर्स' म्हणतात. "आई, रनर्स घालून ये" असे लेक म्हणाली की पळायचे नसते, फक्त चालायचे असते. पण पळणाऱ्यांचेही तिथे कौतुक फार. रॉनी डिलेनी यांनी १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. कोव्ह गावच्या सोनिया ओ'सलिव्हन यांनी २००० साली सिडनीला ५००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. डब्लिनची मॅरेथॉन १९८० पासून चालू आहे. फक्त स्त्रियांसाठी असलेली १० किलोमीटरची मिनी मॅरेथॉन १९८३ पासून होते, आणि तीत आज्या-नाती जोडीने चालत भाग घेतात. शनिवारी सकाळी साडेनऊला बागांमध्ये 'पार्करन' नावाची ५ किलोमीटरची मोफत धाव असते. तीत चालणाऱ्यांनाही कोणी अडवत नाही. शनिवारी आपला शब्बाथ, त्यामुळे आम्ही गेलो नाही. पण जावई शेजाऱ्यांच्या पायांतले बूट दाखवून दाखवून बरेच शिकवत असे.

रोजच्या सरावाचा बूट म्हणजे काय?

पळणाऱ्यांकडे दोन-तीन तऱ्हेचे बूट असतात. शर्यतीच्या दिवसाचा बूट वेगळा. तो हलका, महाग, आणि हल्ली त्याच्या सोलच्या आत कार्बनची ताठ पट्टीही घातलेली असते. दुसरा रोजच्या सरावाचा. तो न कुरकुरता रोजचे काम करतो, जसे आपल्या ताटात भाकरी. ब्रूक्सचा घोस्ट, असिक्सचा क्युम्युलस, सॉकनीचा राइड, न्यू बॅलन्सचा ८८०, नायकीचा पेगॅसस, होकाचा क्लिफ्टन हे सारे याच वर्गातले. आपल्यासारख्या चालणाऱ्यांनी पाहायचा तो हाच वर्ग. शर्यतीचा बूट कितीही सवलतीत मिळाला तरी आपल्या कामाचा नाही.

नावे दिली ती दुकानात ओळख पटावी म्हणून. अमुकच घ्या असे मी सांगणार नाही, कारण या कंपन्या जवळपास दरवर्षी त्याच नावाचा बूट थोडा बदलून नव्या क्रमांकाने आणतात. पेगॅसस १९८३ पासून आहे, आणि २०२४ मध्ये त्याचा ४१वा क्रमांक आला. मी आज एखादा बूट चांगला म्हणावा आणि आपण दुकानात जाईपर्यंत तो जाडीला, रुंदीला वेगळा झालेला असावा, असे सहज होते. म्हणून बुटाचे नाव पाठ करण्यापेक्षा तो पारखायला शिकलेले बरे.

बुटाचे मुख्य भाग लक्षात ठेवा. वरचे जाळीदार कापड. टाचेमागची कडक वाटी. आतला काढता येणारा सुखतळा. खाली फोमचा जाड थर. आणि जमिनीला टेकणारे रबर. फोम बहुधा ईव्हीए नावाच्या पदार्थाचा असतो. त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो दबतो आणि पुन्हा वर येतो. टाचेखालची जाडी आणि बोटांखालची जाडी यांतल्या फरकाला दुकानदार 'ड्रॉप' म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये सांगतात. रोजच्या बुटांत तो साधारण ५ ते १२ मिलिमीटर असतो.

पहिला जोड : गादीसारखा मऊ

आम्ही पोचलो त्याच आठवड्यात जावयाने मिस्टरांसाठी नवेकोरे बूट आणले. तो स्वतः तसलेच घालून पळतो. टाचेखाली ४० मिलिमीटर फोम, बोटांकडे सोल होडीसारखा वर वळलेला. मिस्टर खूश झाले. म्हणाले, "अगं, गादीवर चालल्यासारखं वाटतंय!"

तिसऱ्या दिवशी धक्क्याच्या टोकाशी वळताना दोन दगडांच्या सांध्यावर त्यांची टाच पडली. पाय बाहेरच्या अंगाला कलला. माझा खांदा हाताशी होता म्हणून ते सावरले, घोटा थोडा दुखला एवढेच. पण त्यांचे बोलणे मला जास्त लागले. म्हणाले, "पाय वाकडा पडला ते मला कळलंच नाही. तू ओढलंस तेव्हा कळलं." आणि घरी आल्यावर म्हणाले, "त्याला काही सांगू नकोस. एवढ्या प्रेमाने आणलेत. मी आपला घरातच फेऱ्या मारीन."

आपल्या पिढीचे हे असेच असते. मुलांचे मन मोडायचे नाही, त्यापेक्षा चालणे सोडायचे. अस्थिव्यंग विभागात मी बरीच वर्षे काढली. असा एकेक जण घरात बसतो, मांड्यांचे स्नायू सहा महिन्यांत वाळतात, आणि मग तो रात्री बाथरूमला जाताना पडतो, हे मी किती वेळा पाहिले आहे. मी त्याच संध्याकाळी जावयाला सगळे सांगितले. तो समजूतदार. म्हणाला, "पप्पा, बूट माझ्या मापाचे असते तर मीच घातले असते. चला, उद्या दुकानात जाऊ."

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. तो बूट खराब नव्हता. पस्तिशीच्या पळणाऱ्या माणसासाठी तो बनवलेला होता, आणि त्या कामाला चांगलाच होता. पळणाऱ्याचे पाऊल जमिनीवर आपटते, त्याला जाड फोम हवा. चालणाऱ्याचा एक पाय कायम जमिनीवर असतो, आपटणे पुष्कळ कमी. त्याला मुख्य हवा असतो तोल.

मऊ सोल आणि तोल

तळपायात नसांची बारीक टोके असतात. जमीन कलती आहे की सपाट, पाऊल टाचेवर आहे की कडेवर, हा निरोप ती क्षणोक्षणी मेंदूला पाठवतात. वय वाढले की हा निरोप मंदावतो, मधुमेहात आणखी मंदावतो. त्यात खाली जाड मऊ थर आला की उरलासुरला निरोपही पुसट होतो. शिवाय पाऊल जितके उंचावर, तितका घोटा कलायला सोपा. पाटावर उभे राहणे आणि उंच स्टुलावर उभे राहणे यांत फरक आहेच ना?

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे स्टीव्हन रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर पुरुषांना निरनिराळ्या सोलचे बूट घालून अरुंद पट्टीवर चालायला लावले. ते संशोधन १९९२ साली प्रसिद्ध झाले. पातळ व घट्ट सोलमध्ये तोल जास्त राहिला, जाड व मऊ सोलमध्ये कमी. धावण्याच्या जगातही जाडीचा प्रश्न आलाच. तेथे कारण तोलाचे नव्हते, वेगाचे होते. पण २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींच्या बुटाच्या सोलला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. म्हणजे मिस्टरांच्या पायात ऑलिंपिकच्या मर्यादेएवढी जाडी होती!

म्हणून पापुद्र्यासारखा पातळ सोल घ्यावा काय? तेही नको. वयाबरोबर टाचेखालची चरबीची गादी झिजते, गुडघे दुखतात, मधुमेहात बोटांच्या बुडाशी दाब पडून घट्टे होतात. थोडी गादी हवीच. आपल्याला मधला मार्ग काढायचा आहे. गादी असावी पण घट्टसर असावी, आणि तळ रुंद असावा.

खेळाचे बूट म्हातारपणी शोभत नाहीत असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ६५ वर्षांवरील लोकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. खेळाचे व कॅनव्हासचे बूट घालणाऱ्यांत पडण्याचा धोका सर्वांत कमी आढळला. सर्वांत जास्त कोणाला? अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरणाऱ्यांना.

आयर्लंडमध्ये पडण्याकडे फार गंभीरपणे पाहतात. खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरची तेथे राष्ट्रीय नोंद ठेवतात, आणि एवढ्याशा देशात दरवर्षी तीन हजारांहून अधिक वयस्कांचा खुबा मोडतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने पन्नाशीपुढील आठ हजारांहून अधिक लोकांचा दीर्घ अभ्यास २००९ पासून चालवला आहे. त्यात माणसाची चाल आणि तोलही मोजतात.

दुकानात करायची तपासणी

दुसरा जोड घेताना मी दुकानातल्या बाकावर बसून एकेक बूट तपासला. विक्रेती मुलगी आधी हसली, मग तीही मदतीला आली. आपणही असेच करावे.

वेळ दुपारनंतरची निवडा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. नेहमीचे मोजे बरोबर न्या. दोन्ही पायांचे माप उभे राहून घ्या. एक पाय बहुधा मोठा असतो, माप त्याचे धरा. वयाने पाऊल पसरते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा नंबर सांगू नका. आयर्लंडमध्ये ब्रिटिश नंबर चालतो आणि इस्राएलमध्ये युरोपचा. मुलांकडून बूट मागवताना हा घोटाळा नेहमी होतो.

बूट हातात घेतल्यावर पाहायच्या गोष्टी अशा :

१. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबा. ती दबून आत गेली तर टाच धरून ठेवणार नाही.

२. बुटाची दोन टोके धरून ओला कपडा पिळतो तसे पिळा. थोडासाच पिळला गेला पाहिजे.

३. पुढचे टोक वर वाकवा. जेथे आपली बोटे वाकतात तेथेच बूट वाकावा. मध्येच घडी पडत असेल तर परत ठेवा.

४. बूट टेबलावर ठेवून टाचेकडून बोटाने बाजूला ढकला. डुगडुगला तर नको. खालून पाहा, टाचेचा तळ वरच्या भागापेक्षा थोडा रुंद असावा.

५. फोम कडेने अंगठ्याने दाबा. बोट रुतून राहिले तर तो आपल्यासाठी जास्त मऊ आहे.

६. आत हात घालून शिवणी, गाठी, टोचणारे काही आहे का ते पाहा.

७. सुखतळा बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर जात असेल तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे एका अंगठ्याची रुंदी मोकळी असावी.

८. घालून फक्त गालिच्यावर चालू नका. वळून पाहा, मागे दोन पावले जा, एखादी पायरी चढा-उतरा. कोणाचा तरी हात धरून एका पायावर क्षणभर उभे राहा.

पुष्कळ कंपन्या एकाच नंबरात जास्त रुंद बूटही बनवतात, पण ते मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढले असेल तर मोठा नंबर घेण्यापेक्षा रुंद बूट मागा. मोठ्या नंबरात पाय पुढे-मागे सरकतो आणि लांब टोकाला ठेच लागते.

पाय बधिर असणाऱ्यांनी "मला छान बसतोय" या आपल्याच शब्दावर विश्वास ठेवू नये. बधिर पायाला सैल बूट जाणवतच नाही, म्हणून अशी माणसे नकळत घट्ट बूट पसंत करतात. मिस्टरांनीही दुकानात दोनदा एक नंबर लहान मागितला. सातव्या क्रमांकाची सुखतळ्याची तपासणी अशा वेळी खरे सांगते.

दुसरा जोड : वहीतील नोंदी

शेवटी घेतलेल्या बुटाची टाचेकडची जाडी ३२ मिलिमीटर, बोटांकडची २४, रुंदी जास्त. रंग मात्र राखाडीवर भडक नारिंगी. मिस्टर कुरकुरले, पण डिसेंबरात तेथे चार वाजून गेले की अंधार होतो, गाडीवाल्यांना दिसायला तो रंगच बरा. वॉर्डमध्ये चार्ट ठेवीत असे तशी मी या बुटाची वही ठेवली. अकरा आठवड्यांत तो सुमारे १२५ किलोमीटर चालला.

पहिला आठवडा रोज अर्धाच तास. घरी आल्यावर मोजे काढून दोन्ही पाय पाहायचे. उजव्या करंगळीवर लाल डाग होता, तो दहा मिनिटांत गेला. अर्ध्या तासानंतरही लाली राहिली तर तो बूट त्या पायाचा नव्हे, असे समजावे. "वापरून सैल होईल" हा जुना समज चामड्याच्या बुटांचा. हे बूट पहिल्या दिवसापासून बसले पाहिजेत.

तोल : धक्क्याच्या टोकाशी वळताना पाय कलला नाही. मिस्टर म्हणाले, "गादी गेली, पण जमीन सापडली." याहून चांगले प्रमाणपत्र नको.

ओली जमीन : पावसात भिजलेल्या ग्रॅनाइटवर रबराची पकड चांगली. गटाराच्या लोखंडी झाकणावर आणि रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर मात्र पाय सरकतो. शेवाळ आणि कुजलेली पाने यांवर कोणताच बूट भरवशाचा नाही. तेथून बाजूने जावे.

पाऊस : जाळीच्या कापडातून पाणी लगेच आत येते. पाणी न शिरणारे बूटही मिळतात, पण वरून पाणी आत गेले की ते लवकर वाळत नाहीत आणि पाय घामेजतात. आम्ही साधेच ठेवले. भिजले की सुखतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे घालायचे. हीटरवर ठेवायचे नाहीत, फोम आणि चिकटवण खराब होते. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीत बूट ठेवू नयेत ते याचसाठी.

थंडी : डिसेंबरच्या गार सकाळी फोम कडक लागायचा, पंधरा मिनिटांनी सैलावायचा. थंडीत फोम ताठ होतो, हा त्याचा धर्मच आहे. अश्दोदच्या उन्हात तोच बूट थोडा मऊ लागतो. परदेशातून बूट आणताना हे ध्यानात ठेवा.

उणिवा : लेस फार लांब होत्या, पायात यायच्या. त्या काढून लवचिक लेस घातल्या. आता बूट चपलेसारखा चढतो आणि वाकावे लागत नाही. संधिवाताने बोटे आखडली असतील त्यांनी लवचिक लेस किंवा वेल्क्रोचा पट्टा घ्यावा, आणि लांब दांड्याचा शूहॉर्न दाराशी टांगावा. बूट नेहमी खुर्चीवर बसून घालावा.

पकड जास्त असण्याचाही एक तोटा आहे. पार्किन्सनमुळे किंवा अशक्तपणामुळे जे पाय घासत चालतात, त्यांचा पाय जास्त पकडीच्या रबराने गालिच्याला अडतो आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांनी बूट घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला विचारावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी

डॉ. पॉल ब्रँड हे नाव जुन्या परिचारिकांना ठाऊक असेल. त्यांचा जन्म १९१४ साली दक्षिण भारतात झाला, आणि १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोग्यांच्या पायाला जखमा होतात त्या मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले. खडा टोचला तरी कळत नाही, आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. त्यांच्या कामातून एमसीआर रबराच्या मऊ चपला बधिर पायांसाठी प्रचारात आल्या. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची गोष्ट तीच आहे.

म्हणून अशांनी बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. परतल्यावर तळपाय आरशात पाहावेत किंवा घरच्याला दाखवावेत. कुपात होलीममध्ये वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेत. नायलॉनच्या बारीक तंतूने तळपायाला स्पर्श करून संवेदना पाहतात, दोन मिनिटांचे काम आहे आणि दुखत नाही. पायाला जखम असेल किंवा पूर्वी झाली असेल, पायाचा आकार बदलला असेल, तर दुकानातला बूट पुरेसा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने खास बूट करून घ्यावा.

बूट कधी निवृत्त करावा?

पळणाऱ्यांचा ठोकताळा ५०० ते ८०० किलोमीटरचा आहे. वरचे कापड नवे दिसते, पण आतला फोम थकलेला असतो. रोज अडीच किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षभरात नऊशेच्या आसपास होतात, तेव्हा वर्षातून एक जोड हा हिशेब ठीक. सुखतळ्याखाली खरेदीची तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी बूट पुन्हा टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल, किंवा टाचेचे रबर एकाच कडेने घासून फोम दिसू लागला असेल, तर त्याला रजा द्या. नव्या क्रमांकाचा बूट बाजारात आला की जुना क्रमांक स्वस्त मिळतो. आपल्याला तो उत्तम चालतो.

घरातली फरशी विसरू नका. शुक्रवारी स्पंजा केल्यावर टाइल ओली असते आणि आपण अनवाणी किंवा मोज्यांवर शब्बाथच्या स्वयंपाकाची घाई करतो. बाहेरचा जुना पण न कललेला बूट धुऊन घरात वापरावा. किप्पुरच्या दिवशी चामडे नको म्हणून अनेक वृद्ध रबरी कफकफीम घालून, तेही उपाशीपोटी, सिनेगॉगला चालत जातात. यांतले पुष्कळ बूट कापड, फोम आणि रबराचेच असतात. लेबल वाचून चामडे नसल्याची खात्री केली की त्या दिवशीही तेच घालता येतील.

मुलांना एक विनंती. आई-वडिलांना बूट भेट द्यायचा असेल तर खोका आणू नका, त्यांना दुकानात घेऊन जा. आणि वडीलमंडळींना विनंती अशी की भेट मिळालेला बूट पायाला जमत नसेल तर तसे सांगा. मुलांना वाईट वाटते ते घटकाभर. खुबा मोडला तर साऱ्या घराचे वर्ष जाते.

मिस्टर सध्या रोज सकाळी अश्दोदच्या किनाऱ्यावर नारिंगी बूट घालून फिरतात. मागील तपासणीत डॉक्टरांनी साखरेचे आकडे पाहून "असेच चालू ठेवा" म्हटले.

पुढील अंकात पायांची नखे, कुरुपे आणि टाचांच्या भेगा यांविषयी लिहीन. तोवर सांभाळून चाला.